खेळण्यातली आगगाडी: आधी रूळ मोजा, मग डबे जोडा

पोळ्याला मातीचे बैल केले आणि गाडीचे जू त्यांच्या मानेला तोकडे पडले, तर पोर रुसून बसते. खेळण्यातल्या आगगाडीचेही तसेच आहे. शहरातला मामा भाच्याला लेगोचे ठोकळे आणतो. हे ठोकळे मूळ डेन्मार्कचे. त्यांची आगगाडी १९६६ साली निघाली. सामान महाग. म्हणून जादा रूळ अन् ठोकळे घेण्याआधी थोडा हिशेब मांडा.

या रुळांमधले अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर. ते आपल्याला बदलता येत नाही. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ४५. म्हणजे खऱ्या गाडीचे ४५ सेंटिमीटर ते खेळण्यातला १ सेंटिमीटर. या मापाने साडेपाच फुटी माणूस पावणेचार सेंटिमीटरचा होतो. ठोकळ्यांसोबतचा बाहुला साधारण चार सेंटिमीटरचा. जोडी जमली!

आता डबा पाहा. खरा डबा सव्वातीन मीटर रुंद, म्हणून खेळण्यातला ७२ मिलिमीटर. ठोकळ्यावरची बटणे ८ मिलिमीटरवर असतात. म्हणजे नऊ बटणे. पण आठ बटणांचा डबा मधोमध बसवायला सोपा. सहा बटणांचा अरुंद दिसेल, पण ठोकळे कमी लागतील. पैसे बेताचे असतील तर तोही चालेल.

लांबीत मात्र फसू नका. खऱ्या २१ मीटरच्या डब्याचे ४७ सेंटिमीटर होतात. नेहमीचे १६ वाकडे रूळ जोडून पुरे रिंगण होते आणि त्याची त्रिज्या अवघी ३२ सेंटिमीटर. एवढा लांब डबा वळणावर आत झुकून स्टेशनला घासतो. तेव्हा रुंदी राखा, लांबी निम्मी करा.

कुणाला १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे करावीशी वाटेल. आता तिथे ब्रॉडगेज झाले आहे. जुन्या रुळांचे अंतर ७६२ मिलिमीटर होते. याच रुळांवर ती केली तर प्रमाण वीसास एक येते आणि माणूस आठ सेंटिमीटरचा लागतो. चार सेंटिमीटरचा बाहुला तिथे तान्हे पोर दिसेल!

म्हणून आधी पुठ्ठ्याचा डबा कापून रुळावर ठेवून पाहा. सुताराकडून लाकडी गाडी करून घेणार असाल, तरी हिशेब हाच. मोजपट्टी मुलाच्या हाती द्या. गाडी तर होईलच, भागाकारही पक्का होईल.