जुना इन्शुलिन पंप बंद पडण्याआधी

इन्शुलिन पंपाची वॉरंटी साधारण चार वर्षांची असते. ती संपत आली की बहुतेक जण नव्या मशीनची किंमत विचारतात. खरा खर्च असतो दर महिन्याचा: दोन-तीन दिवसांनी बदलायचा इन्फ्युजन सेट, रिझर्व्हॉयर, सेन्सर. हे सामान उल्हासनगर कॅम्प १ मध्ये घरपोच किती दिवसांत येईल, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. घरात जुन्या सेन्सरचा साठा असेल, तर तो नव्या पंपाला चालेल का, हेही विचारावं. अनेकदा चालत नाही.

पाण्याचा मुद्दा इकडे हलक्यात घेऊ नये. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात तासन्‌तास अडकली होती. मिनिमेड ७८०जी हा पंप ३.६ मीटर खोल पाण्यात २४ तास टिकतो. पण कव्हरला बारीकसा तडा गेला की तो भरवसा संपला. तो एका डबल-ए सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. चार्जिंगवाला पंप घेणाऱ्याने मात्र पॉवर बँक जवळ ठेवावी. शहाडहून गर्दीची लोकल पकडणाऱ्यांनी नळी आखूड निवडावी, लांब नळी कुणाच्याही बॅगेत अडकते.

पंपात फक्त जलद इन्शुलिन असतं. तो बंद पडला तर काही तासांतच रक्तात कीटोन वाढू लागतात. म्हणून नवा पंप हाती येईपर्यंत पेन आणि दीर्घकाळ काम करणारं इन्शुलिन फ्रीजमध्ये हवंच. जुन्या पंपातले बेसल दर, कार्ब रेशो आणि करेक्शनचे आकडे आजच वहीत उतरवून ठेवा. स्क्रीन गेली की ते सापडणं कठीण.