कॉफीचे नाव आणि मोल

आज आम्ही कॉफीविषयी सांगतो. अरेबिका कॉफीचे झाड मूळचे आफ्रिकेतल्या इथिओपिया देशाचे. तिथल्या डोंगररानात ते आपोआप उगवते.

तिथे मुलखामुलखाची कॉफी निराळी, बरे का! हरारकडे पिकली फळे सालीसकट उन्हात वाळवतात. ती कॉफी दाट, पिकल्या फळाच्या वासाची. यिर्गाचेफेकडे बहुधा साल काढून बिया धुतात. ती कॉफी हलकी, फुलांच्या वासाची.

या नावांवर परदेशी गिऱ्हाईक जादा पैसे मोजी. पण पिकवणाऱ्याच्या पदरात थोडेच पडे. म्हणून २००५ साली इथिओपियाने अमेरिकेत या नावांवर हक्क मागितला. एका बड्या कंपनीशी तंटा झाला. २००७ साली तडजोड झाली.

आम्ही म्हणतो, घाम ज्याचा, नावही त्याचेच.