चौकट घट्ट, मेंदू मऊ

पुण्याजवळच्या भोसरीच्या टूलरूममध्ये वावरलेल्या माणसाला मिलिमीटर हे फार ढोबळ माप वाटतं. तिथली भाषा मायक्रॉनची. कंपवाताच्या रुग्णाच्या डोक्यावर बसवलेली, मेंदूतल्या ठरल्या बिंदूपर्यंत सुई नेणारी स्टिरिओटॅक्टिक चौकट त्याने पाहिली, तर ती त्याला घरचीच वाटेल: धातूचं कडं, कोरलेल्या मापपट्ट्या, सरकती कमान, पिळायचे स्क्रू. फरक एवढाच की इथला जॉब पोलादाचा नसतो.

जगभर वापरली जाणारी एक चौकट स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ मध्ये मांडली. त्याआधी दोनच वर्षं फिलाडेल्फियात श्पीगेल आणि वायसिस यांनी माणसाच्या मेंदूवर अशी पहिली शस्त्रक्रिया केली होती. आपल्याकडे मद्रासला बी. राममूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांनी १९६०च्या दशकात ही विद्या रुजवली. लेक्सेलची युक्ती सुंदर आहे. कमानीचा केंद्रबिंदू हेच लक्ष्य. त्रिज्या १९० मिलिमीटर; सुई कुठल्याही कोनातून सोडा, १९० मिलिमीटर गेली की टोक त्याच जागी येतं. चौकटीच्या मध्याचे आकडे १००, १००, १००. शून्य मुद्दाम डोक्याबाहेर, उजव्या-मागच्या-वरच्या कोपऱ्यात ठेवलेलं, म्हणजे उणे आकडा येतच नाही. अधिक-उण्याची चूक रचनेतच अडवणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कंपवातासाठी बहुतेकदा गाठायचं ठिकाण म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लिअस: जेमतेम वाटाण्याएवढं, भिंगासारखं चपटं. त्यात सोडायची, बॅटरीवर विजेचे सूक्ष्म झटके देणारी तार सव्वा मिलिमीटर जाडीची. ती दोन-तीन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला पडली, तर शेजारच्या तंतूंना विजेचा झटका बसतो. चेहरा ओढला जातो, जीभ जड होते.

मग चूक येते कुठून? स्कॅनच्या वेळी चौकटीवर एक पेटी चढवतात. तिच्या बाजूंवर इंग्रजी एन अक्षरासारख्या कांड्या असतात. प्रत्येक चित्रात त्यांचे तीन ठिपके उमटतात आणि मधला ठिपका कुठे सरकलाय त्यावरून मेंदूचा तो काप किती उंचीवरचा ते कळतं. १९७८ मध्ये ही कल्पना सुचली ती रसेल ब्राऊन या वैद्यकीय विद्यार्थ्याला. पण काप तीन मिलिमीटर जाडीचा घेतला, तर त्याच्या आत बिंदू नेमका कुठे, हे चित्र सांगत नाही. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे चित्र कडेला वाकतं. म्हणून ते सीटीवर जुळवून पाहतात. स्क्रू कमी-जास्त पिळले गेले, डोक्याचा भार कड्यावर आला, तरी चौकट किंचित लवते.

हे सगळं मोजता येतं, म्हणून आवरताही येतं. खरी कठीण गोष्ट कवटीला भोक पडल्यावर सुरू होते. मेंदूभोवतीचं पाणी झिरपतं, हवा आत शिरते आणि मेंदू खाली बसतो. चित्र सकाळचं, मेंदू आत्ताचा. गाठ काढायच्या उघड्या शस्त्रक्रियेत तर पृष्ठभाग सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत खचलेला आढळला आहे. म्हणून भोक लहान ठेवतात आणि ते लगेच बुजवतात.

आता चौकटीविना चालणारं न्यूरोनॅव्हिगेशनही रुळलं आहे. कॅमेरा अवजाराकडे पाहतो, पडद्यावर त्याची जागा दिसते. आधी चेहऱ्यावरचे बिंदू चित्रातल्या बिंदूंशी जुळवतात, आणि यंत्र एक आकडा दाखवतं, समजा ०.८ मिलिमीटर. हा आकडा बिंदू एकमेकांशी किती जुळले एवढंच सांगतो. आत खोलवरच्या लक्ष्यावर किती चूक आहे, ते त्यावरून कळत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी हे गणिताने दाखवलं. सगळे बिंदू कपाळावर आणि गाठ डोक्याच्या मागे असेल, तर आकडा गोंडस दिसतो आणि चूक वाढलेली असते. पडद्यावरच्या या आकड्याला चूक न समजणं, ही या कामातली पहिली शिस्त आहे असं मी मानतो.

म्हणून चांगला सर्जन आकड्यावर न थांबता ओळखीच्या खुणेवर, नाकाच्या मुळावर किंवा कानाजवळ, टोक टेकवून पडदा काय म्हणतो ते पाहतो. चौकटीच्या कामात आकडे एकाने वाचायचे, दुसऱ्याने पट्टीवर पडताळायचे. डोक्याआधी सुई नमुन्याच्या बिंदूवर टेकवून बघायची. तरीही अखेरची साक्ष मेंदूचीच. सूक्ष्म इलेक्ट्रोड पुढे सरकतो तसा पेशींचा आवाज स्पीकरवर खरखरतो, लक्ष्यात शिरताच दाट होतो. पुष्कळदा रुग्ण जागाच असतो. डॉक्टर त्याचं मनगट हलवून ताठरपणा बघतात, बोटं मिटायला-उघडायला सांगतात, महिन्यांची नावं म्हणायला लावतात.

पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा गट वर्षानुवर्षं काम करतो आहे, आणि शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या घरांत प्रश्न खूप असतात: खर्च, बॅटरी, वय. त्यांत सर्जनला विचारायचा मी एक घालीन. शस्त्रक्रियेनंतरचा सीटी आधीच्या आखणीवर ठेवून, तार ठरल्या जागेपासून किती मिलिमीटर दूर पडली, हे तुम्ही मोजता का? आणि माझ्या माणसाचा आकडा फाइलमध्ये लिहून द्याल का?