डॉल्फिन बघायला जाणाऱ्या मुलांना आधी काय सांगावं?

मे महिन्यात लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी मुलं गावी जातात. दापोली, गुहागर, मालवणला आता डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आहेत. सुट्टीनंतर मुलं आमच्या अभ्यासवर्गात हौसेने सांगतात, "आमच्या बोटीने डॉल्फिनचा पाठलाग केला!" त्यात काही चुकलं असं त्यांना वाटत नाही, कारण तसं कुणी सांगितलेलंच नसतं.

आम्ही श्वासापासून सुरुवात करतो. आनापान शिकलेल्या मुलांना ते पटकन कळतं. डॉल्फिन हा मासा नाही. तो फुप्फुसाने श्वास घेतो, त्यासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं. पिल्लू आईचं दूध पितं. नेमक्या त्याच वेळी तीन-चार बोटी अंगावर आल्या तर मायलेकरं घाबरून बुडी मारतात. इंजिनाच्या आवाजात त्यांना एकमेकांची हाक नीट ऐकू येत नाही. आपल्या किनाऱ्यावरचा कुबडवाला डॉल्फिन उथळ पाण्यातच राहतो, खोल समुद्रात निघून जाणं त्याला जमत नाही. ज्याला दुसरीकडे घर नाही त्याला हुसकावणं म्हणजे काय, हे आपल्या वस्तीतल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच, म्हणजे पहिल्या अनुसूचीत आहे.

अंतर किती ठेवायचं? अनेक देशांत डॉल्फिनपासून ५० आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर पाळतात. बेस्टच्या चार मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या की झाले साधारण ५० मीटर. बोट बाजूने, हळू न्यायची. समोरून आडवी घालायची नाही. खायला टाकायचं नाही.

सगळा दोष बोटवाल्यावर ढकलणं आम्हाला पटत नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि "डॉल्फिन दिसला नाही, मग पैसे कसले?" असं गिऱ्हाईकच विचारतं. म्हणून बोटीत चढतानाच मुलांनी म्हणावं, "काका, नाही दिसला तरी चालेल, पण मागे लागू नका." आणि मोठ्यांनी पूर्ण पैसे द्यावेत.

खरं तर बोटीचीही गरज नाही. गिरगाव, मलबार हिल, वरळीच्या किनाऱ्यावरूनही डॉल्फिन दिसलेले आहेत. विहारातल्या मुलांना घेऊन हिवाळ्यात एका सकाळी दुर्बीण घेऊन बसा. दिसेलच असं नाही, हेही आधीच सांगा.

किनाऱ्यावर अडकलेला डॉल्फिन किंवा देवमासा आढळला तर शेपूट ओढू नये, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नये. सेल्फीवाल्यांना लांब ठेवावं आणि वन विभागाला १९२६ वर फोन करावा.