विञ्ञाण, विज्ञान आणि आत्म्याचा प्रश्न

धम्माच्या अभ्यासवर्गात पंचस्कंधांचा विषय निघाला की एक अडचण हमखास उभी राहते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान अशी पाच नावे सांगितली जातात आणि शेवटच्या नावापाशी मराठी श्रोता अडखळतो. शाळेत शिकविले जाणारे विज्ञान माणसाच्या देहात कसे आले, असा प्रश्न त्याला पडतो. पाली भाषेतील ‘विञ्ञाण’ म्हणजे जाणीव. मराठीत मात्र ‘विज्ञान’ हा शब्द सायन्स या अर्थाने रूढ झाला आहे. म्हणून या लेखात आम्ही जाणिवेसाठी ‘विञ्ञाण’ आणि सायन्ससाठी ‘विज्ञान’ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत.

शब्दांचा हा घोटाळा लवकर सुटतो. त्यापाठोपाठ येणारा विचारांचा घोटाळा मात्र सहज सुटत नाही. जाणीव आहे, तर जाणणारा कोणी तरी आत असलाच पाहिजे. तोच आत्मा, असे अनेकांना वाटते. अनात्मवाद मान्य करणाऱ्या आमच्या घरांतूनही मृत्यूच्या प्रसंगी ‘आत्म्यास शांती लाभो’ हे शब्द सहज तोंडून निघतात. या प्रश्नाचा विचार भगवान बुद्धांनी कसा केला आणि पश्चिमेकडील काही थोर विचारवंत त्याच प्रश्नाशी कसे झुंजले, हे येथे थोडक्यात पाहू.

साति भिक्खूचा भ्रम

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात साति नावाच्या भिक्खूची हकीकत आली आहे. एकच विञ्ञाण न बदलता जन्मोजन्मी फिरत राहते, असा त्याचा समज होता. इतर भिक्खूंनी समजावूनही तो बदलला नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला बोलावून विचारले, तू म्हणतोस ते विञ्ञाण कोणते? बोलणारे, अनुभवणारे आणि बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगणारे, असे त्याने सांगितले. म्हणजे शब्द विञ्ञाण हा असला तरी सातिच्या मनात होता तो आत्माच.

भगवंतांनी त्याचे मत खोडून काढले आणि अग्नीचा दृष्टान्त दिला. लाकडावर पेटलेला अग्नी लाकडाचा, गवतावर पेटलेला गवताचा, शेणावर पेटलेला शेणाचा अग्नी म्हणून ओळखला जातो. त्याचप्रमाणे डोळा आणि रूप यांच्या योगाने उत्पन्न होणारे ते चक्षुविञ्ञाण, कान आणि शब्द यांच्या योगाने उत्पन्न होणारे ते श्रोत्रविञ्ञाण. नाक, जीभ, काया आणि मन यांचेही असेच. प्रत्यय असतील तर विञ्ञाण उत्पन्न होते, प्रत्यय नसतील तर होत नाही. सरपणावाचून आग नाही, तशी कारणावाचून जाणीव नाही. पटिच्चसमुप्पादाचा सिद्धान्त येथे जाणिवेलाच लावलेला आहे.

युरोपातील शोध

फ्रान्सचे तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी 1641 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथात विचार करणारे द्रव्य देहाहून भिन्न ठरविले. स्कॉटलंडचे डेव्हिड ह्यूम यांनी 1739 मध्ये ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’ या ग्रंथात त्याच्या नेमकी उलट वाट धरली. स्वतःच्या आत कितीही डोकावून पाहिले तरी ऊन-थंडी, सुख-दुःख, राग-लोभ असे कोणते तरी अनुभवच सापडतात; त्यांच्याहून निराळा ‘मी’ सापडत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. मन म्हणजे वेगाने बदलणाऱ्या अनुभवांचा समूह, असे त्यांनी मांडले. स्कंधविचाराशी याचे साम्य उघड आहे. पण समूहाला एकपणा कसा येतो, हा प्रश्न ह्यूम यांना अखेरपर्यंत छळत राहिला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेचे विल्यम जेम्स (1842–1910) यांनी दिले. 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या द्विखंडी ग्रंथात त्यांनी जाणिवेला तुटक दुव्यांची साखळी न मानता अखंड वाहणारा प्रवाह मानले. प्रत्येक विचार मावळताना आपला वारसा पुढच्या विचाराकडे सोपवितो; म्हणून कालचा मी आणि आजचा मी यांत सातत्य भासते. त्यामागे आत्मा नावाच्या द्रव्याची गरज मानसशास्त्राला भासत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि अखेरच्या प्रहरी तोच नसतो आणि अगदी दुसराही नसतो, हे भदन्त नागसेनांनी मिलिंद राजाला समजाविले होते. त्याची येथे आठवण होते.

तथापि जेम्स यांना बौद्ध ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. मृत्यूनंतरच्या अस्तित्वाची शक्यता त्यांनी खुली ठेवली होती आणि परलोकविषयक संशोधनात त्यांना रस होता. ह्यूम यांचा शोधही बौद्धिक होता. दुःखनिरोधाचा मार्ग त्यातून निघाला नाही.

बाबासाहेबांची मांडणी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा जेम्स हयात नव्हते. पण जेम्स यांचे ऋण मानणारे जॉन ड्यूई तेथे शिकवीत होते आणि बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांचा उल्लेख आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने केला आहे. विचार अनुभवाच्या कसोटीवर घासून घ्यावा, ही शिस्त त्या परंपरेची होती.

1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी अडचणीचा प्रश्न मांडला: आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? देहाबरोबर जाणीव कशी असते हे सांगताना त्यांनी विद्युत्‌क्षेत्राचा दाखला दिला. विद्युत्‌क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्र असते. देह आणि विञ्ञाण यांचा संबंध तसा का मानू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. गतजन्मीचे पाप भोगण्यासाठी तू या जातीत जन्मलास, असे आमच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. पाप करणारा आणि फळ भोगणारा एकच आत्मा आहे असे मानल्याखेरीज हे सांगता येत नाही. माणसाच्या दारिद्र्याचा आणि हीन स्थितीचा दोष पूर्वजन्मावर टाकला की समाज आणि राज्य आपल्या जबाबदारीतून सुटतात, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

गूढानुभव आणि विज्ञान यांचा अधिकार

आत्मवादाला आज दोन नवे आधार दिले जातात. पहिला आधार गूढानुभवाचा. जेम्स यांनी 1902 च्या ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या ग्रंथात अशा अनुभवांचा सहानुभूतीने अभ्यास केला. ज्याला अनुभव आला त्याच्यापुरता तो अधिकारी असू शकतो. इतरांनी तो चिकित्सा न करता स्वीकारावा असे बंधन नाही, आणि त्याचे मोल त्याच्या फळांवरून ठरवावे, असे त्यांचे मत होते. केसपुत्त येथे कालामांना भगवंतांनी हीच दिशा दाखविली होती: परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या अधिकारावर न विसंबता, अकुशल काय आणि कुशल काय हे स्वतः जाणा. ध्यानात कोणाला प्रकाश दिसला, तर दिसला असेल. त्याचा राग, लोभ आणि जातीचा अभिमान कमी झाला काय, हे विचारण्याचा अधिकार आमचा आहे.

दुसरा आधार वैज्ञानिकांच्या नावाचा. 1933 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी 1944 च्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकाच्या उपसंहारात आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा गौरव केला. त्यावरून विज्ञानाने वेदान्त सिद्ध केला असे सांगितले जाते. पण तो श्रोडिंगर यांचा तात्त्विक कल होता. त्यांच्या समीकरणातून तो निघत नाही. तीच सावधगिरी आम्हीही बाळगली पाहिजे. विज्ञानाने बुद्धधम्म सिद्ध केला, ही घोषणाही तितकीच उतावळी आहे.

मेंदूतील क्रियांबरोबर अनुभव का असतो, या प्रश्नाला डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 च्या निबंधात ‘कठीण प्रश्न’ म्हटले. त्यावर अद्याप एकमत नाही. पण जे उलगडलेले नाही ते आत्म्याच्या बाजूचा पुरावा ठरत नाही. जाणीव कारणांनी घडते, म्हणून कारणे बदलली तर तीही बदलते, हे मात्र प्रत्येकाला तपासून पाहता येते. राग कशाने उठला, कशाने वाढला, कशाने शमला, हे ज्याने एक दिवस जरी नीट पाहिले, त्याला अग्नीचा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि आपली आजची स्थिती कारणांनी घडली आहे हे ज्याला उमगले, तो ती बदलण्यासाठी पुढच्या जन्माची वाट पाहत नाही.