हॅझलकास्ट शिकताना चढण नेमकी कुठे लागते?

आजचा भाग जावावाल्यांसाठी. विषय आहे हॅझलकास्ट, म्हणजे अनेक सर्व्हरच्या मेमरीत मिळून डेटा ठेवणारं क्लस्टरिंग सॉफ्टवेअर.

"शिकायला किती दिवस लागतात?" हा नेहमीचा प्रश्न. सुरुवात करायला एक दुपार पुरते. डिपेंडन्सी टाका, चार ओळी लिहा, तोच प्रोग्राम दुसऱ्या टर्मिनलमध्येही चालवा. दोघं एकमेकांना शोधतात, लॉगमध्ये दोन मेंबर दिसतात. चढण लागते ती यानंतर. कारण याचा मॅप दिसतो आपल्या हॅशमॅपसारखा, पण वागतो वेगळा.

पहिला फरक. हॅशमॅपमधून काढलेल्या ऑब्जेक्टमध्ये बदल केला, की तो मॅपमध्येही दिसतो. इथे गेट केल्यावर सहसा प्रत हातात येते. बदल करून पुट केलं नाही, तर क्लस्टरला त्याचा पत्ताच नसतो.

दुसरा फरक जास्त महागात पडणारा. समजा, बसची एकच सीट उरलीय. दोन सर्व्हर एकाच क्षणी गेट करतात, दोघांना 'एक' दिसतं, दोघं 'शून्य' पुट करतात. एका सीटची दोन तिकिटं! सिंक्रोनाइज्ड लिहून काही होत नाही, ते कुलूप एकाच जेव्हीएमपुरतं. इथे एंट्री प्रोसेसर वापरायचा. म्हणजे डेटा आपल्याकडे ओढायचा नाही, काम डेटाकडे पाठवायचं. ती नोंद ज्या मेंबरकडे आहे तिथेच ते चालतं. त्या नोंदीवर एका वेळी एकच.

तिसरी गोष्ट बॅकअपची. डीफॉल्टनुसार डेटा 271 पार्टिशनमध्ये वाटला जातो आणि प्रत्येकाची एक प्रत दुसऱ्या मेंबरकडे असते. हे वाचून पाठ करू नका, करून बघा. तीन टर्मिनलमध्ये तीन मेंबर चालवा, मॅपमध्ये हजार नोंदी टाका. एक मेंबर किल करा, साइज बघा: हजारच. थोडं थांबून दुसरा किल करा, तरी हजार, कारण मधल्या वेळात नव्या प्रती तयार झालेल्या असतात. आता पुन्हा तीन मेंबर चालू करा आणि दोन एकदम मारा. साइज कमी होतो. गेलेल्या नोंदी परत येत नाहीत.

आपला डेटा किती मेंबर एकदम पडले तरी टिकायला हवा, हे आधी ठरवा. बॅकअपचा आकडा त्यावरून येतो, आणि प्रत्येक जादा प्रतीला मेमरी लागते.

आज रात्री हा प्रयोग करून बघा. भेटू पुढच्या भागात!