खराब केलेलं नाणं

चाळीस वर्षं नाणी जमवतोय. पुण्याच्या जुन्या बाजारात पहिला धडा मिळाला तो असा : चरा पडलेलं नाणं घ्यायचं नाही. सातव्या एडवर्डचे रुपये माझ्याकडे आहेत. त्यावर राजाचं डोकं बिनमुकुटाचं, म्हणून वडील त्याला ‘टकल्या राजा’ म्हणत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हाच टकल्या एका पेनीवर भेटला आणि माझा धडा पुसला गेला.

पेनी १९०३ची, ब्राँझची. राजाच्या चेहऱ्यावर एकेक अक्षर ठोकून लिहिलंय : ‘व्होट्स फॉर विमेन’. म्हणजे बायकांना मताचा हक्क हवा.

योगायोग असा, की १९०३ सालीच एमेलिन पँकहर्स्ट यांनी मँचेस्टरमध्ये बायकांची लढाऊ संघटना काढली. १९०८पासून जांभळा, पांढरा, हिरवा हे तिचे रंग झाले. बिल्ले, पट्टे, चहाची भांडी, पटावरचे खेळ विकून निधी जमे. तुरुंग भोगून आलेल्यांना एमेलिनच्या मुलीनं, सिल्व्हियानं रेखलेला बिल्ला मिळे. तुरुंगात उपोषण करणाऱ्यांना १९०९पासून पदक.

पण बिल्ला लावायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सुट्टे पैसे मात्र कुणी नाकारत नाही. पेनी दूधवाल्याकडे जाणार, ट्रामच्या कंडक्टरकडे जाणार आणि बायकांच्या मताला नाकं मुरडणाऱ्या साहेबाच्या खिशातही पडणार. नाण्यावर असं ठोकणं हा गुन्हा होता. चांदीचं नाणं बँकेनं वेचून काढलं असतं. पेनीच्या मागे कोण लागतो?

ठोकणारीचं नाव नाण्यावर नाही. अशा पेन्या लिलावात येतात, पण अक्षरांचे ठसे आजही कुणालाही मिळतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

१९१८मध्ये तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या ब्रिटिश बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीनं, एकविसाव्या वर्षी, ते १९२८मध्ये. एडवर्डच्या पेन्या त्यानंतरही, १९७१पर्यंत चालत होत्या.

तेव्हा घरातल्या जुन्या नाण्यावर कुणी काही ठोकलेलं दिसलं, तर चिंच लावून घासू नका. आधी वाचा.